गच्चीवरचं सरबत-टेबल, तिसरी मांडणी: बर्फ पन्ह्याबाहेर

बेत तोच: ५० माणसं, नागपूरची मे महिन्यातली संध्याकाळ, गच्ची, तीन तास, आणि ज्याने त्याने आपला ग्लास आपण भरून घ्यायचा. या खेपेला मुख्य बदल एकच आहे. पेयात बर्फ टाकणं पूर्ण बंद.

आधीच्या दोन्ही मांडण्यांत पहिला अर्धा तास पन्हं झकास, आणि शेवटी शेवटी नुसतं आंबूस पाणी. कारण हिशेबात दिसतं. १० लिटर पन्हं ३० अंशांवरून १० अंशांवर आणायला साधारण सव्वादोन किलो बर्फ वितळतो आणि तेवढंच पाणी पन्ह्यात मिसळतं. गोडी जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उतरते. पुढचे तीन तास ते थंड ठेवायला लागणारा बर्फ आणखी वेगळा.

आता घट्ट पन्हं आणि पाणी दोन्ही आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये ठेवून ऐनवेळी मिसळायचं. १५ लिटरच्या नळाच्या स्टीलच्या पिंपात १० लिटर पन्हं आणि अर्ध्या लिटरच्या तीन गोठवलेल्या बाटल्या, बाहेरून साबणाने स्वच्छ धुतलेल्या. बाटलीत पाणी ४५० मिलिच. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. काठोकाठ भरलेली बाटली चिरते आणि पन्ह्यात गळत राहते. दीड तासाने बाटल्या बदलायच्या. बाजारातली बर्फाची लादी फक्त बाहेरून थंडावा द्यायला. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम २०१८ पासून आहे, पण लादी पांढरी दिसली म्हणून ती पेयात घालू नका.

पिंपाला ओलं पोतं गुंडाळायची सवय मात्र सोडा. ओल्या पोत्याचा गारवा कोरड्या हवेतही विशीच्या खाली सहसा जात नाही. दहा अंशांवरच्या पिंपाला ते उलट ऊबच देतं. पिंपाला कोरडी गोधडी, ओलं पोतं पाण्याच्या माठाला. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, माठ कूलरच्या झोतात ठेवला तर पाणी सुरेख गार होतं, आत वाळ्याची जुडी सोडली की सुगंधही येतो. जुलैच्या दमट हवेत हीच युक्ती चालत नाही.

प्रमाण, १० लिटरसाठी: उकडलेल्या कैरीचा गर १ लिटर, साखर सव्वा किलो, मीठ ३० ग्रॅम, वेलची दीड चमचा, बाकी पाणी. गूळ वापरला तर तो आधी पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळायचा, कारण त्याची कचकच थेट नळात जाऊन बसते. गरही पुरणाच्या चाळणीतून काढून मग बारीक गाळणीतून गाळायचा. कैरीचा एक लांब धागा नळ अर्धा बंद करायला पुरतो. दीडशे मिलिचा एक ग्लास धरला तर एका पिंपात ६५ च्या आसपास ग्लास होतात; पन्ह्याची दोन पिंपं लागतातच.

नळ हे सगळ्यात नाजूक ठिकाण. भोकाच्या आतून एक आणि बाहेरून एक वॉशर हवा, आणि नट हातानेच आवळायचा. पान्ह्याने आवळलं की वॉशर दबून बाजूला सरकतो आणि थेंब थेंब सुरू होतो. आदल्या दिवशी पाणी भरून, नळाखाली कोरडा कागद ठेवून दोन तास तपासा. पितळी नळ नकोच, कैरीच्या आंबटपणाने तो कळकतो. झाकण घट्ट बसलं तर आत हवा जात नाही आणि धार गचके खात थांबते, म्हणून झाकण सैल. पिंपातली उंची नळाच्या वर चौथाईवर आली की धारेचा वेग निम्मा होतो आणि रांग साचते. पिंपाखालचा पाट मागून दोन बोटं उचलला तर तळाचं पन्हंही वाया जात नाही. नळाचं तोंड खाली ठेवलेल्या परातीपासून किमान १४ सेंमी वर ठेवा, म्हणजे ग्लास तिरपा करावा लागत नाही.

मठ्ठा नळातून देण्याचा प्रयत्न सोडला आहे. आलं आणि सांबार (कोथिंबीर) अडकतात, आणि ताक स्थिर ठेवलं की निवळ वर, घट्ट भाग खाली. पहिल्याला दाट, शेवटच्याला पाणचट. तो गंजात (उभ्या पातेल्यात), लांब दांड्याच्या डावाने, तळापासून ढवळून. गंज स्टीलचा, ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ ताकाला चालत नाही.

संत्र्याचं पिंप मे महिन्यात नाही. आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात, तेव्हा ते मांडू. तोपर्यंत एवढं लक्षात असू द्या: नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर काही तासांत कडवट होत जातो, बी चिरडली गेली तर जास्तच. त्यामुळे तो आदल्या रात्री काढून ठेवता येणार नाही, आणि थंड करायची फळंच, रस नाही.