छत्तिसावा हिस्सा

जॉर्जिया राज्याच्या किनारपट्टीवर, सव्हाना शहरापासून तासाभराच्या अंतरावर, एका मोफत कायदा सल्ला केंद्रात मी काम करते. मी वकील नाही. जमिनीचे जुने कागद शोधायचे आणि वकिलांना वंशावळ तयार करून द्यायची, हे माझं काम. वडील कराड तालुक्यात तलाठी होते, त्यामुळे वारस नोंद, फेरफार, सामाईक खातं हे सगळं लहानपणापासून कानावरचं. इथे आल्यावर धक्का बसला तो या गोष्टीचा, की खातेदार वारला की वारसांची नावं चढवणारं आपल्या नमुना 6 क सारखं काहीच इथे नाही. घरच्यांनी प्रोबेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्र आणि वारसाच्या कोर्टात, जाऊन कागद केले तर केले, नाहीतर जमीन मेलेल्या माणसाच्या नावावर पिढ्यानपिढ्या तशीच राहते.

कृष्णवर्णीय कुटुंबांत हे फार झालं. कोर्ट गोऱ्यांचं, वकील गोरे, आणि त्या इमारतीत पाऊल टाकायला भीती वाटावी असे दिवस. पणजोबांनी मृत्युपत्र केलं नाही, आजोबांनीही नाही. मग जमीन सगळ्यांची झाली आणि कुणाचाच वेगळा तुकडा राहिला नाही.

ज्या कुटुंबाबद्दल लिहिते आहे त्यांची जमीन 22 एकर, नदीकाठची. मूळ मालकाने 1890 च्या दशकात ती विकत घेतली, कुणी दान दिली नव्हती. याच किनाऱ्यासाठी जनरल शर्मनने जानेवारी 1865 मध्ये सव्हानात हुकूम काढला होता, मुक्त झालेल्या कुटुंबांना 40 एकरांपर्यंत जमीन देण्याचा. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत केली. त्यानंतर जे काही झालं ते लोकांनी मजुरी करून, पैसा पैसा साठवून. 1910 च्या सुमारास देशभरात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या मालकीची जमीन सुमारे दीड कोटी एकर होती. पुढे तिचा फार मोठा भाग गेला. काही धमक्यांनी गेला, काही सरकारी कर्ज नाकारल्याने, आणि बराचसा वाटपाच्या दाव्यांतून.

हे दावे असे चालत. सामाईक जमिनीतल्या एखाद्या वारसाचा छोटासा हिस्सा बाहेरचा माणूस विकत घेतो. तो हिस्सेदार झाला की कोर्टात जाऊन सांगतो, वाटप होणं शक्य नाही, विकून पैसे वाटा. कोर्टाच्या दारात जाहीर लिलाव होतो. रोख पैसा घेऊन उभा असतो तो एकटाच, आणि किमतीच्या काही अंशात सगळी जमीन त्याची होते. चोरी नाही, जबरदस्ती नाही, सगळं कायद्याने.

या कुटुंबातही तेच सुरू झालं होतं. मूळ मालकाला सहा मुलं. त्यांतला एक मुलगा कारखान्यात काम मिळेल म्हणून डेट्रॉइटला गेला. त्यालाही सहा मुलं झाली, त्यांतल्या एका मुलीचा एकुलता मुलगा. त्याने ही जमीन कधी पाहिलीही नव्हती. एका कंपनीने त्याला 3,000 डॉलर दिले आणि त्याचा छत्तिसावा हिस्सा घेतला. पुढच्याच वर्षी दावा.

जमिनीवर राहत होत्या त्या एक आजी, वय 81. मॅथ्यू वादळात, 2016 साली, त्यांचं छप्पर उडालं. मदतीचा अर्ज नामंजूर झाला, कारण घर त्यांच्या नावावर नव्हतं. आपत्ती मदतीतला हा नियम 2021 मध्ये बदलला, तोवर यांच्या घरावर ताडपत्रीच होती. बँक कर्ज देत नाही, कारण गहाण कोण टाकणार? लाखो डॉलरांच्या जमिनीवर राहणारी बाई कागदावर निर्धन. 2022 च्या सरकारी पाहणीत बरोबर मधल्या स्थानावरच्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती 2,85,000 डॉलर निघाली, कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. या आकड्यांतली दरी कुठून आली असं कुणी विचारलं की मला त्या ताडपत्रीबद्दल बोलावंसं वाटतं.

किमतीच्या सुनावणीआधीच न्यायाधीशांनी मान्य केलं होतं की ही वारसांची सामाईक जमीन आहे. त्यासाठी माझी वंशावळ लागली. अंत्यविधीला चर्चमध्ये वाटतात त्या पत्रिका, बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेले जन्म, जनगणनेची पानं, असं जोडत जोडत ती केली होती. एकदा हे मान्य झालं की नवा कायदा लागू होतो. सगळ्या राज्यांसाठी त्याचा नमुना 2010 मध्ये तयार झाला, जॉर्जियाने 2012 मध्ये स्वीकारला. त्यात आधी जमिनीची खरी बाजारकिंमत ठरवतात. मग बाकीच्या वारसांना पहिली संधी मिळते: विक्री मागणाऱ्याचा हिस्सा त्या किमतीच्या प्रमाणात विकत घ्यायची. नमुना कायद्यात हे कळवायला 45 दिवस आहेत. राहत्या एकत्र घरापुरती अशीच सोय आपल्याकडे 1893 च्या वाटप कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे. जी गोष्ट वडिलांच्या तालुक्यातल्या साध्या वकिलालाही ठाऊक होती, ती इथल्या लोकांना मिळायला आणखी शतकभर लागलं.

सुनावणीच्या दिवशी प्रश्न किमतीचा होता. कोर्टाने नेमलेल्या मूल्यमापकाने 7,20,000 डॉलर सांगितले. म्हणजे कंपनीचा हिस्सा 20,000. कंपनीचे वकील उठले आणि म्हणाले, ही किंमत फार कमी आहे, नदीकाठ आहे, 10,80,000 तरी धरा. आमच्या वकीलबाईंनी शांतपणे एक पत्र पुढे केलं. कंपनीनेच वारसांना पाठवलेलं. त्यात लिहिलं होतं की जमीन दलदलीची आहे, तिला फारशी किंमत नाही, 3,000 डॉलरही जास्तच होतात. हे पत्र आजींच्या पुतणीने डब्यात जपून ठेवलं होतं.

न्यायाधीशांनी पत्र वाचलं, परत वाचलं. मग विचारलं, "हीच ती जमीन ना?" वकील म्हणाले, हो. मूल्यमापकाचा आकडा कायम झाला.

मी आनंदाने आजींकडे पाहिलं, तर त्या घाबरलेल्या. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "बाळा, सात लाख म्हणाले ते. आता कर किती येईल?" मी काही बोलूच शकले नाही. संपत्ती वाढली की आनंद व्हायला हवा, हे ज्यांना संपत्तीने कधी आधार दिला त्यांनाच वाटतं. घराची करसवलत मागायची तरी मालकीचा पुरावा दाखवावा लागतो.

20,000 डॉलर जमले. पुतण्यांनी दिले, चर्चने दिले, एका मुलीने निवृत्तीच्या खात्यातून काढले. मुदतीत लेखी कळवलं, ठरलेल्या तारखेला पैसे भरले, कंपनी बाहेर.

या कायद्यात वंशाचा उल्लेख कुठेही नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. 2021 मध्ये संसदेने कृष्णवर्णीय आणि इतर वंचित शेतकऱ्यांची कर्जं माफ करण्याची तरतूद केली होती. गोऱ्या शेतकऱ्यांनी दावे केले, न्यायालयांनी ती थांबवली, आणि 2022 मध्ये संसदेनेच ती रद्द केली. ती माफी मिळायलाच हवी होती असं माझं ठाम मत आहे. पण वाटपाचा कायदा टिकला, दक्षिणेतल्या राज्यांनीही स्वीकारला, कारण अ‍ॅपलेशियाच्या डोंगरातल्या गरीब गोऱ्या कुटुंबालाही तो तितकाच वाचवतो. गेलेले एकर तो परत आणत नाही. उरलेले जाऊ नयेत एवढंच करतो, आणि तेही कुणीतरी वंशावळ करून दिली तरच. कायदा करायला फार पैसा लागत नाही. आमच्यासारख्या केंद्रांना माणसं द्यायला लागतो, आणि सरकारचा हात आखडतो तो इथेच.

आजींचं छप्पर अजून बाकी आहे. 2018 च्या कृषी कायद्याने अशा जमिनींची मालकी सरळ करायला कर्जाची सोय केली आहे. तिचा अर्ज तयार आहे. त्याआधी कुटुंबाच्या सगळ्या शाखांनी एकत्र करारावर सह्या करायच्या आहेत. फिलाडेल्फियाची शाखा तयार झाली. टँपामधले दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांना पुढच्या आठवड्यात वेगवेगळे फोन करायचे आहेत.