८०० नंतर थेट २००० नको: अ‍ॅक्रेलिक टाकीच्या ओरखड्यांचा माझा अनुभव

"साहेब, ८०० मारा आणि मग सरळ २०००. काचेसारखं चकाचक होईल." ८००, २००० हे पॉलिश पेपरचे नंबर, नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. हार्डवेअरच्या दुकानदाराचं हे वाक्य मी खरं मानलं आणि त्यापायी माझे दोन रविवार गेले, मासे नऊ दिवस टबात राहिले. अजून राग गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माशांची टाकी दोन फुटी, पुढून गोलाई असलेली, अ‍ॅक्रेलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची. अ‍ॅक्रेलिक वजनाला काचेच्या निम्मं भरतं आणि हवं तसं वळवता येतं. मुंबईतलं तारापोरवाला मत्स्यालय २०१५ मध्ये नव्यानं उघडलं तेव्हाचा बोगदाही अ‍ॅक्रेलिकचाच होता. पण हे फार मऊ. शेवाळ काढायच्या मॅग्नेटखाली वाळूचा एक कण अडकला, मुलीच्या ते लक्षात आलं नाही, आणि आतून सात-आठ लांब रेघा उठल्या. बाहेरचे चार ओरखडे घर बदलताना टेम्पोत पडलेले. त्यातल्या एकात नख अडकायचं.

आधी नख फिरवूनच बघा. नख नुसतं घसरलं तर १५०० च्या कागदापासून सुरुवात केली तरी पुरतं. अडकलं तर ६०० किंवा ८०० ला पर्याय नाही. टूथपेस्टच्या नादी लागू नका, मी अर्धी ट्यूब संपवली. खोल रेघ जिथल्या तिथे.

मासे, जुनं पाणी आणि स्पंज फिल्टर टबात हलवले. टाकी रिकामी केली, पुसली. हे सगळं तासाभरात झालं.

मग ८०० चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायला घेतला. अ‍ॅक्रेलिक दुधी झालं. ते व्हायलाच हवं, तिथं घाबरायचं नाही. ओरखडा गेल्यासारखा दिसला. लगेच २००० घेतला आणि दोन तास घासलं. ओलं असताना इतकं स्वच्छ दिसत होतं की मी बायकोला हाक मारून दाखवलं. पुसलं, वाळलं, आणि पुन्हा धुकं. पॉलिश लावलं, तरी धुकं. आणखी पॉलिश, आणखी धुकं. रात्री दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा कळलं. त्या चमकणाऱ्या पृष्ठभागाच्या आत ८०० च्या रेघा नांगरलेल्या शेतातल्या तासांसारख्या सरळ, एकाशेजारी एक उभ्या होत्या. २००० चा कण इतका बारीक, की तो तासांचे नुसते माथे घासत होता, तळापर्यंत पोचतच नव्हता. असं वर्षभर घासलं असतं तरी धुकं गेलं नसतं.

म्हणजे मधले नंबर हवेत. १०००, १२००, १५००. तीन हार्डवेअरवाले पालथे घातले. सुतारकामाला आणि भिंतीच्या रंगाला लागतो तेवढाच कागद त्यांच्याकडे, ४०० च्या पुढे विचारलं की मान हलते. शेवटी डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजशेजारी गाड्यांच्या रंगाचं दुकान सापडलं. तिथल्या दादांनी काही न विचारता ड्रॉवरमधून सगळे नंबर काढून दिले. थेट तिथेच जा, माझ्यासारखी पायपीट नको. फक्त ३००० चा मागवावा लागेल, "परवा येईल" म्हणाले. तो परवा शनिवारी उजाडला. तोवर रोज सकाळी टबातलं थोडं पाणी बदलायचं, त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं अँटीक्लोरीन टाकायचं आणि गप्पी मासे मोजायचे, हेच चाललं होतं.

दुसऱ्या रविवारी पुन्हा ८०० पासून. या वेळी एक नंबर आडवा, पुढचा उभा. आधीच्या कागदाची शेवटची रेघही टॉर्चखाली नाहीशी होत नाही तोवर पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. नंबर बदलताना टाकी, हात, बादली सगळं धुवायचं, कारण ८०० चा एक कण १५०० खाली आला की नवा ओरखडा तयार. आणि फक्त ओरखड्यावर बोट दाबून घासू नका. तिथं खळगा होतो आणि त्यातून मासा वाकडा दिसतो. वीतभर जागा सगळीकडून सारखी घ्या. ३००० नंतर मऊ सुती कापडानं प्लास्टिकचं पॉलिश, तेही फक्त बाहेरून. आतल्या बाजूला पॉलिश नाही, साबण नाही, नुसतं पाणी. थिनर किंवा स्पिरिट तर कुठेच नको, जाळीसारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या कशानंच जात नाहीत.

हे आधीच सांगायला हवं होतं: आतल्या रेघेवर ओलं बोट फिरवून पाहा. रेघ दिसेनाशी झाली तर तिला हात लावायची गरजच नाही. पाणी रेघेत भरतं, आणि प्रकाश पाण्यातून अ‍ॅक्रेलिकमध्ये जाताना हवेतून जाताना वळतो त्यापेक्षा खूप कमी वळतो, म्हणून टाकी भरली की ती लपते. माझ्या आतल्या रेघांपैकी पाच तरी अशा होत्या. उरलेल्या दोन-तीन तशाच सोडल्या असत्या तर फक्त बाहेरून काम झालं असतं, टाकी भरलेलीच राहिली असती आणि माशांना टब बघावा लागला नसता.

सोमवारी संध्याकाळी मासे परत सोडले. सगळे जिवंत. समोरची गोलाई इतकी नितळ झालीय की मुलगी आधी हात लावून बघते. नख अडकायचं त्या ओरखड्याचा तळ गॅलरीतून तिरपं ऊन आलं की केसाएवढा दिसतो. तो ठेवलाय, आणखी घासलं असतं तर तिथे खळगा पडला असता. मॅग्नेट काढून टाकला. शेवाळाला आता मऊ स्पंज, तोही वाळूपासून चार बोटं वर.