नमुना पास, ट्रक नापास

वेंगुर्ले तालुक्यात आमची नारळाची वाडी आहे. झाडं बहुतेक बाणवली जातीची. खोबरं वाळवायचं, घाण्यावर तेल काढून आणायचं आणि करवंट्या न्हाणीच्या मागे रचून ठेवायच्या, हे मी सून म्हणून आले तेव्हापासून बघत होते. करवंटी म्हणजे आंघोळीच्या पाण्याचं सरपण, एवढीच तिची किंमत. पुढे रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्रात गेले होते, तिथे बोलता बोलता कळलं की पाण्याच्या फिल्टरमध्ये जो काळा दाणेदार कार्बन असतो, तो करवंटीचाच उत्तम होतो. साखरेचा रंग काढायला तो लागतो, औषधांच्या कारखान्यात लागतो, आणि खाणीत सायनाइडच्या द्रावणातून सोनं धरून ठेवायलाही करवंटीचाच कार्बन वापरतात. घरी येऊन न्हाणीमागचा ढीग पाहिला तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल, ते वाडीवाल्यांना सांगायला नको.

सासूबाईंना सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘मगे न्हाणयेच्या चुलीत काय घालूचा?’ प्रश्न रास्त होता. कोकणात करवंटी वाया जाते असं म्हणतात, पण ती घराघरात जळत असते. बायकांनी ती मला द्यायची, तर त्यांना दुसरं सरपण परवडेल एवढा भाव मला द्यावा लागणार होता. बचत गटातल्या बायकांशी बसून तो भाव ठरवला, तेव्हा कुठे गोणी येऊ लागल्या.

सुरुवातीला माझी कल्पना अशी की थेट ॲक्टिव्हेटेड कार्बनच, म्हणजे फिल्टरमधला तो काळा दाणेदार कार्बनच करायचा. ती जिल्हा उद्योग केंद्रात पहिल्याच भेटीत मोडली, आणि ते बरं झालं. या कामाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोळशाचा : करवंटी कमी हवेत ४०० ते ५०० अंशांवर भाजायची. दुसरा ॲक्टिव्हेशनचा : तो कोळसा ९०० अंशांच्या वर तापवून त्यावर वाफ सोडायची. त्याला फिरती भट्टी लागते, बॉयलर लागतो, आतून अग्निरोधक विटांचं अस्तर लागतं. ते कोटींचं काम. मी पहिल्या टप्प्याचाच प्रकल्प लिहिला, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून. ग्रामीण भागातल्या महिलेला त्यात ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. हे अनुदान हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं आपल्या कर्जाच्या नावाने ठेव म्हणून पडून राहतं. अर्ज करणाऱ्या बायकांनी हे आधी समजून घ्यावं, कारण मी पहिल्या वर्षाचा हिशेब ते पैसे धरून मांडला होता.

मध्ये एकदा भाताच्या तुसाचाही विचार केला, आमच्याकडे गिरण्यांवर त्याचे डोंगर असतात. पण तूस जाळलं की त्याची जवळजवळ पाचवा हिस्सा राख राहते आणि तीही बहुतेक सिलिका. करवंटीची राख नीट काम केलं तर दोन टक्क्यांच्या आत राहते. तूस सोडून दिलं.

कोळसा आम्ही २०० लिटरच्या तेलाच्या पिंपात करायला शिकलो. पिंपाला खाली, मध्ये आणि वर अशा भोकांच्या तीन ओळी. तळाशी करवंट्या पेटवायच्या, वरून भरत जायचं. खालचा थर लाल झाला की खालची भोकं चिकणमातीने लिंपायची, मग मधली, मग वरची. शेवटी झाकण ठेवून त्याच्या कडेलाही माती. कधी काय बंद करायचं ते धूर सांगतो. आधी दाट पांढरा धूर येतो, ती ओल. मग पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा. तो पातळ होत निळसर झाला आणि आरपार दिसू लागला की कोळसा तयार. पिंप रात्रभर तसंच ठेवायचं. एकदा घाई करून पहाटे झाकण काढलं. वरून कोळसा थंड वाटत होता, पण वारा लागताच आतून लालेलाल झाला आणि आम्ही पाण्याची बादली आणेपर्यंत निम्मं पिंप राख झालं. एका पिंपात सुमारे शंभर किलो करवंटी जाते आणि पंचवीस किलोच्या आसपास कोळसा निघतो. पंचवीस किलो राख होताना बघणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

तमिळनाडूत कांगेयमच्या बाजूला असा कार्बन करणाऱ्या एका कारखान्याला कोळशाचा नमुना पाठवला. पाच किलो, मी स्वतः निवडून : चकचकीत, कडा धारदार, फरशीवर टाकला की काशाच्या भांड्यासारखा खणकन वाजणारा. नमुना पास झाला. मग दोन महिने आठ पिंपं चालवून जवळजवळ दहा टन माल भरला, ट्रक गेला, आणि तिथल्या प्रयोगशाळेत तो नापास झाला. ओल जास्त, राख जास्त, उडून जाणारे पदार्थही जास्त. भाव इतका कापला की भाडं जाता हातात काहीच उरलं नाही. घरात दोन दिवस कोणी नीट बोललं नाही.

मी त्या कारखान्यात जायचं ठरवलं. भांडायला नाही, बघायला. आजही वाटतं, या सगळ्या उद्योगातला माझा सगळ्यात चांगला खर्च त्या रेल्वे तिकिटाचा.

तिथल्या केमिस्टताईंनी माझ्याच गोणीतली मूठभर पूड पाण्यात टाकली आणि हलवली. तळाशी पांढुरकी वाळू बसली. आमची पुळणीची वाळू! करवंट्या आम्ही अंगणात उघड्यावर वाळवत होतो, ती वाळू, शेंड्यांचे तंतू, आतलं चिकटलेलं खोबरं, सगळं राखेत मोजलं गेलं होतं. तुकडे मोडून पाहिले तर काहींचा गाभा तपकिरी, म्हणजे अर्धवट भाजलेला. ओल जास्त, कारण पिंप लवकर रिकामं व्हावं म्हणून आमच्या माणसांनी कोळशावर पाणी मारलं होतं. कोळसा पाणी पितो आणि ते वजनात लपत नाही.

मग त्यांनी भट्टी दाखवली. किंचित उतरता, आडवा, भलामोठा लोखंडी नळा सावकाश फिरत असतो. छोट्या काचेतून आत पाहिलं तर पिकलेल्या हापूससारखा केशरी उजेड. वाफ कोळशातला कार्बन खाते आणि तिथे भोकं पडतात, डोळ्यांनीच काय, साध्या सूक्ष्मदर्शकानेही न दिसणारी. जास्त वेळ ठेवलं तर भोकं वाढतात, पण माल घटतो आणि दाणा ठिसूळ होतो. तीन टन कोळशातून साधारण एक टनच कार्बन उरतो. ताई म्हणाल्या, चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅमच्या आतली सगळी पृष्ठं पसरली तर हजार चौरस मीटर भरतील. मी मनात हिशेब केला : दहा गुंठे. चिमूटभर काळ्या दाण्यांत दहा गुंठे जमीन! त्यांनी मिथिलीन ब्लूच्या गडद निळ्या पाण्यात कार्बन टाकून बाटली हलवली, गाळली, आणि खाली आलं ते विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. तो निळा रंग त्या भोकांत जाऊन बसला होता. आणि ज्या कोळशात आधीच वाळू, तो कितीही वाफ देऊन वाळूच राहणार, हे मला कोणी वेगळं समजावायची गरज उरली नाही.

परत आल्यावर आधी सिमेंटचं खळं केलं. करवंट्या तिथेच वाळतात, बायका तंतू खरवडून काढतात आणि त्याचे पैसे वेगळे मिळतात. पाणी मारणं बंद. प्रत्येक पिंपातले दहा तुकडे मोडून गाभा बघितल्याशिवाय गोणी शिवत नाही. पावसाळ्यात काम बंदच ठेवतो, कोकणातल्या हवेत कोळसा कोरडा ठेवणं आमच्या शेडमध्ये जमत नाही. दुसरा ट्रक गेला तेव्हा मी फोन जवळ घेऊनच बसले होते. तीन दिवसांनी केमिस्टताईंचा फोन आला : राख दीड टक्का, ओल सात, आणि त्या मालापासून केलेल्या कार्बनचा आयोडीन नंबर १०५०. म्हणजे एक ग्रॅम कार्बन १०५० मिलिग्रॅम आयोडीन ओढून घेतो. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरला चालणारा माल. मी तो आकडा न्हाणीच्या दारावर खडूने लिहिला.

धुराचा प्रश्न मात्र तोवर वाढला होता. शेजारच्या काकांची आंब्याची कलमं आमच्या कुंपणाला लागून आहेत. ऐन मोहोरात पिवळा धूर त्यांच्या बागेवर जायचा. त्यांनी ग्रामपंचायतीत तक्रार केली, आणि मी वाद घातला नाही. माझ्या बागेवर कोणी असा धूर सोडला असता तर मीही तेच केलं असतं. पिंपं मोडीत काढून रिटॉर्ट, म्हणजे झाकबंद भट्टी बसवली. त्यात करवंटीतून निघणारा वायू नळीने परत चुलीत येतो आणि तिथेच जळतो, त्यामुळे लाकूडही कमी लागतं. त्यासाठी आणखी कर्ज झालं, प्रदूषण मंडळाची संमती नव्याने घ्यावी लागली, एक हंगाम त्यातच गेला.

काका अजूनही रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन चिमणीकडे बघतात. गेल्या महिन्यात येताना त्यांनी खांद्यावरून एक गोणी आणली आणि खळ्यावर ओतली. करवंट्या होत्या, तंतू काढून, पुसून.