अंगठ्या मोजून क्वार्टरबॅक ठरत नाही

मुंबईत सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगची फायनल) सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो आणि ऑफिसला पोचेपर्यंत ग्रुपवर वाद पेटलेला असतो : क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू, म्हणून ब्रेडी मोठा, मॅनिंग मोठा की माहोम्स? बहुतेक जण अंगठ्या मोजतात, सुपर बोल जिंकला की एक मिळते. ब्रेडी ७, मोंटाना ४, माहोम्स ३, पेटन मॅनिंग २, विषय संपला. पण २०१५च्या मोसमात मॅनिंगचे टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) होते ९ आणि इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) १७. तरी अंगठी मिळाली, कारण त्याच्या डेन्व्हर संघाचा बचाव अफाट होता. त्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडूही बचावातला व्हॉन मिलर. उलट २०१७च्या मोसमातल्या फायनलमध्ये ब्रेडीने पास टाकून ५०५ यार्ड मिळवले आणि तो हरला.

मग लोक पासर रेटिंगकडे वळतात, म्हणजे पूर्ण पासची टक्केवारी, यार्ड, टचडाउन आणि इंटरसेप्शन यांतून काढलेल्या एका आकड्याकडे. त्यात मोठी खोट आहे. सॅक, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं, त्यात धरतच नाहीत, म्हणजे चेंडू कवटाळून आडवा होणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. शिवाय पूर्ण झालेला पास दोनदा फायदा देतो, एकदा टक्केवारीत आणि एकदा यार्डांत. आखूड पास टाकणाऱ्याचा आकडा त्यामुळे फुगतो.

त्यापेक्षा हा हिशोब करा. पासिंग यार्डांत प्रत्येक टचडाउनचे २० मिळवा, प्रत्येक इंटरसेप्शनचे ४५ वजा करा, सॅकमध्ये गमावलेले यार्डही वजा करा. आलेल्या आकड्याला टाकलेले एकूण पास अधिक सॅक यांच्या बेरजेने भागा.

डॅन मरिनो, १९८४ : ५०८४ यार्ड, ४८ टचडाउन, १७ इंटरसेप्शन, १३ सॅकमध्ये १२० यार्ड गेले, ५६४ पास. म्हणजे ५१५९ भागिले ५७७, उत्तर ८.९४. मॅनिंग, २०१३ : ५४७७ यार्ड, ५५ टचडाउन, १० इंटरसेप्शन, १८ सॅकमध्ये १२० यार्ड, ६५९ पास. उत्तर ८.८७. पासर रेटिंग मात्र मॅनिंगला ११५.१ देतं आणि मरिनोला १०८.९. मरिनोचा चेंडू हातातून इतका झटकन सुटायचा की बचावपटू पोचेपर्यंत पास गेलेला असायचा. हे कसब रेटिंगला दिसतच नाही.

आता काळ. १९७८मध्ये नियम बदलला आणि रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) पाच यार्डांपलीकडे धक्काबुक्की करायला बंदी आली. २००४पासून त्याची अंमलबजावणी कडक झाली. मॅनिंगचा विक्रम या कडक पंचगिरीतला, मरिनोचा ती सुरू होण्याच्या २० वर्षं आधीचा. हेल्मेटशिवायचे गावसकर आणि आजचा सलामीवीर यांची नुसती सरासरी शिवाजी पार्कवर कुणी ताडून पाहत नाही, तसंच हे. म्हणून वरचा हिशोब त्या मोसमाच्या लीग-सरासरीतून किती वर आहे, ते बघा. जॉनी युनायटससारख्या १९७८पूर्वीच्या खेळाडूला न्याय मिळतो तो असाच.

माझ्या लेखी ब्रेडी पहिला, पण सात अंगठ्यांमुळे नाही. २००७, २०१० आणि २०१७ अशा तीन मोसमांत एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), आणि २०२१मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, ५३१६ यार्डांसह लीगमध्ये अव्वल. इतकी वर्षं हा दर्जा कुणीच टिकवलेला नाही. दुसरा मॅनिंग, पाच एमव्हीपी. तिसरा मोंटाना : चार सुपर बोलमध्ये १२२ पास, ११ टचडाउन, इंटरसेप्शन शून्य. चौथा मरिनो, एकही अंगठी नसताना. माहोम्सला पाचव्या जागेवर ठेवतो, कारण त्याच्या कारकिर्दीचा उतार अजून यायचा आहे आणि सरासरी घसरते ती तिथेच.