तुम्ही विचारलंत म्हणून: तो सिनेमा मी अर्ध्यावर का सोडला

‘गाभ्रीचा पाऊस’ सुरू असताना मी सभागृहातून उठून का गेलो, हा प्रश्न मला शाळेतील सहकाऱ्यांनी, जुन्या विद्यार्थ्यांनी आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत बायकोच्या मामांनीही विचारला आहे. जो मास्तर दरवर्षी वर्गात सदानंद देशमुखांची शेतकऱ्यांच्या हलाखीवरची ‘बारोमास’ ही कादंबरी वाचून दाखवतो आणि ‘फँड्री’त जातीवरून हिणवलेल्या पोराने शेवटी प्रेक्षकांच्या दिशेने भिरकावलेला दगड अंगावर आला तरी जागचा हलत नाही, त्याला सतीश मनवर यांच्या २००९ च्या, शेतकरी आत्महत्यांवरच्या पण अधूनमधून हसवणाऱ्या चित्रपटाने एवढे काय केले, असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे.

हळवेपणाचा आरोप मला मान्य नाही. माझ्या वडिलांनी काही करून घेतले असावे, हा तुमचा तर्कही चुकीचा आहे. ते सत्तरीत आहेत आणि डॉक्टरांनी सांगूनही तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडत नाहीत.

नवरा जिवाचे बरेवाईट करील या धास्तीने चित्रपटातली शेतकऱ्याची बायको अलका लहान मुलाला त्याच्या पाळतीवर पाठवते, तेव्हा सभागृहात हशा पिकला आणि मी उठलो. २००५ च्या पावसाळ्यात आमच्या गावात पंधरा दिवसांत दोन मयती झाल्या होत्या आणि आईने मला सांगितले होते, ‘बाबाच्या मांगं मांगं राह्यजो, काई बोलू नको.’ मी अकरा वर्षांचा होतो. तीन दिवस मी धुऱ्याधुऱ्याने वडिलांच्या मागे फिरलो आणि चौथ्या दिवशी त्यांनी कृषी केंद्रातून उधारीवर आणलेली मोनोक्रोटोफॉस या विषारी कीटकनाशकाची बाटली मी गोठ्यातून उचलून कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात कोपरापर्यंत हात घालून खुपसली. ती तुडतुड्यांसाठी आणलेली होती. दुसरी बाटली उधार मिळाली नाही, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पाने कडेने लाल होऊन आकसली, आणि बाटली विकल्याचा आळ आमच्या सालगड्यावर आला. तो ओसरीखाली टोपी हातात घेऊन उभा होता आणि एवढेच म्हणत होता, ‘मी कायले नेतो, मालक?’ मी खांबाआड होतो आणि दोनदा साबण लावूनही माझ्या बोटांना औषधाचा वास येत होता. कदाचित तो भासही असेल. भर हंगामात त्याचे साल मोडले, म्हणजे वर्षाच्या मध्येच त्याला कामावरून काढले.

उन्हाळ्यात कुटार संपत आले तेव्हा बाटली निघाली. आईने ती पदराखाली घेतली आणि विषय काढला नाही. त्याच सुमारास पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. तोवर तो गडी बायकोपोरांना घेऊन वीटभट्टीवर गेला होता.

आमच्या दुःखाची थट्टा मला पाहवत नाही, असे मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगितले होते. ते खोटे होते. हसणारे गावचेच होते आणि आपापल्या घरातले ओळखूनच ते हसत होते. पोर होतो, बाप वाचवायला केले, अशी सबब मी स्वतःला पुष्कळदा दिली. पण बापाला वाचवण्याची गरज होती की नाही, हेच मला ठाऊक नाही, आणि मोठा झाल्यावरही मी तोंड उघडले नाही, त्याला ही सबब पुरत नाही. ‘फँड्री’ पाहताना मी शांत बसतो, याचेही कौतुक करू नका. तो दगड आमच्या ओसरीकडे येतो, हे कळायला मला तो चित्रपट तीनदा पाहावा लागला.

‘गाभ्रीचा पाऊस’चा उरलेला भाग अजून पाहिलेला नाही. वडिलांनी त्याचे नाव कोठेतरी ऐकले आहे आणि गेले दोन महिने ते म्हणत आहेत, ‘लाव ना एकडाव, दोघंही पाहू.’