नर-मादी बघायला गेलो, बोरी बघून आलो

पहिल्यांदा जूनच्या सुरुवातीला नळदुर्गच्या किल्ल्यातला नर-मादी धबधबा बघायला गेलो आणि फसलो. धबधबा नव्हताच. बंधाऱ्याखाली हिरवट डबकं, त्यात दोन म्हशी. शेळ्या राखणारे एक बाबा म्हणाले, "वरचं धरण सांडलंय का आधी इचारून यायचं. न्हाईतर नुसते दगड बघून जाताल."

दुसऱ्यांदा सप्टेंबरात विचारूनच गेलो.

मराठवाड्यातल्या बहुतेक नद्या गोदावरीकडे धावतात. किल्ल्याजवळची बोरी मात्र तुळजापूरच्या बालाघाटातून निघून अक्कलकोटमार्गे भीमेला मिळते. नदी लहान, पण नळदुर्ग-तुळजापूरकडचे नळ तिच्याच धरणावर चालतात. किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये विजापूरच्या इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळात दगडी बंधारा घालून तिला अडवलं आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधला. हा पाणीमहाल 1613 चा. माथ्यावरून जिना आत उतरतो. अंधार, वटवाघळांचा वास, पायाखाली ओल. खिडकीशी आलो तर डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा! एका सांडव्याचं पाणी नर, दुसऱ्याचं मादी. डोक्यावरून नदी चाललेली आणि आपण जवळपास कोरडे. शर्टावर तुषार तेवढे आले.

खरं सांगायचं तर बांधणी मला जूनमध्येच जास्त कळली. पाणी कुठून घेतलंय, कुठून सोडलंय, ते कोरड्यात स्पष्ट दिसतं. जमलं तर दोन्ही वेळा जा.

सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने साधारण 45 किलोमीटर, तासाभराचा रस्ता. तुळजापूरहून त्याहून जवळ. सकाळीच पोचा, कारण उपळी बुरूज चढायचा आहे आणि दुपारी वर सावली नाही. वर लांबलचक तोफा आहेत, शिवाय नदीनं घेतलेलं वळण तिथूनच नीट दिसतं. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. बंधाऱ्यावर शेवाळ असतं. मोबाईलचा टॉर्च चालेल, पण चार्जिंग बघून निघा. सांडवा चालू असताना कडेला सेल्फी काढू नका. आमच्यासमोर एकाचा गॉगल गेला, थोडक्यात निभावलं.

पौष पौर्णिमेला इथल्याच मैलारपूरच्या खंडोबाची यात्रा भरते. हा देव वर्षातले पावणेदोन महिने इथं बोरीकाठी आणि उरलेला काळ जवळच्या अणदूर गावात, मूर्ती एकच. त्या दिवसांत गाडी गावाबाहेरच लावावी लागते. निवांत किल्ला बघायचा असेल तर तारीख टाळा; भंडारा अंगावर घ्यायचा असेल तर तीच धरा.