एकादशी, आणि एकच औषध दोन नावांनी

बार्शीत आमचं मेडिकल आहे, मी फार्मासिस्ट, दिवसभर काउंटरवर मीच असते. आषाढी एकादशीला दुकानात तशी शांतता, अर्धं गाव पंढरपूरला नाहीतर भगवंताच्या देवळात. साडेअकराच्या सुमाराला जवळच्या खेड्यातले एक मामा-मावशी आले, दोघंही सत्तरीच्या आसपासचे. मावशींनी औषधांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, ह्यांना सकाळधरनं गरगरतंय, बीपी वाढलंय वाटतं, बीपीची एखादी जादा गोळी द्या."

मामांचा सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावर घाम. बाहेर पाऊस भुरभुरत होता, उकाडा अजिबात नव्हता. नाव विचारलं तर मावशींकडे बघत बसले, आणि बोलले तेव्हा जीभ जड. त्यांना आत स्टुलावर बसवलं, बीपी घेतलं, 136/84 म्हणजे त्या वयाला ठीकच. मग बोट टोचून शुगर बघितली. 48.

70 च्या खाली गेली की ती कमी शुगर, आणि 48 ला मेंदूलाच साखर पुरत नाही म्हणून माणूस असा बावचळतो, बाजूचे लोक बीपी म्हणतात, पित्त म्हणतात, कधी कधी पिऊन आलाय असंही म्हणतात. मामांना गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. मावशींनी माझा हात धरला, "अहो ताई, साखर? डॉक्टरनी साखर बंद केलीय ह्यांची, आन् उपास हाय." म्हटलं मावशी, साखर उपासाला चालते आणि आत्ता हेच त्यांचं औषध आहे.

15 मिनिटांनी परत बघितली, 64. पुन्हा साखरपाणी. त्यानंतर 91 आली आणि मामांनी स्वतःहून विचारलं, "आपण कुठं आलोय?" शेजारच्या हॉटेलातून खिचडी मागवून दिली आणि त्यांच्या मुलाला फोन लावला.

तो येईपर्यंत मी पिशवी उलटी केली. माणसाच्या घरची फाइल हरवते पण पिशवी सगळं सांगते. टेल्मिसार्टन, बीपीची, ज्या नावाच्या शेवटी सार्टन ती सगळी एकाच घराण्यातली. अटोर्व्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉलची. ॲस्पिरिन 75, जिला सगळे रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. पँटोप्राझोल, ॲसिडिटीची. मेटोप्रोलोल, म्हणजे बीटा ब्लॉकर, हृदयाचे ठोके आणि बीपी कमी ठेवणारी गोळी. इथे माझ्या लक्षात आलं की मामांचे हात थरथरत का नव्हते. शुगर पडली की एरवी छातीत धडधडतं, हात कापतात, माणूस त्यावरनंच सावध होतो, पण बीटा ब्लॉकर ती धडधड आणि थरथर दाबून टाकतं, घाम मात्र तेवढा दाबला जात नाही. मामांच्या अंगात धोक्याची खूण म्हणून तो घामच काय तो उरला होता.

आणि मग शुगरच्या गोळ्या. एक सोलापूरच्या प्रायव्हेट डॉक्टरांनी लिहिलेली कंपनीची, चकचकीत पट्टी, आत ग्लिमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन 500. दुसरी एका शिबिरात मिळालेली जेनेरिक, पट्टी कापून आणलेली आणि कापताना नाव अर्धं गेलेलं, फॉइलवर राहिलं होतं फक्त "पिराइड" आणि खाली 500. भिंगाने बघितलं, कापलेले दुसरे तुकडे जुळवले, तेच औषध, तोच डोस. मामा दोन्ही घेत होते, एक शुगरची आणि दुसरी "शिबिरातली" म्हणून. जेनेरिक खराब होतं असं कुणी यातनं काढू नका, औषध अगदी तेच होतं म्हणून तर डबल झालं.

मेटफॉर्मिन एकटं असलं तर शुगर सहसा इतकी खाली येत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावतं, मग पोटात अन्न असो नसो, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचं असतं. मामांनी त्या दिवशी पहाटे दोन्ही गोळ्या घेतल्या आणि वर कोरा बिनसाखरेचा चहा, बास. "देवाचा उपास मोडायचा न्हाई आन् औषध बी चुकवायचं न्हाई," असं मावशी सांगत होत्या, इतक्या श्रद्धेने दोन्ही पाळलेलं बघून मला भरून आलं.

मुलगा आला, त्याचं म्हणणं आता बरे दिसतायत तर घरी नेतो. मी नाही म्हटलं, या गोळीचा अंमल दिवसभर राहतो, साखरपाणी उतरलं की रात्री झोपेत परत शुगर पडू शकते आणि झोपेत कळणार कुणाला. ॲडमिट केलं. संध्याकाळी खरंच परत 58 झाली होती, सलाइनमधून ग्लुकोज चालू होतं म्हणून निभावलं. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन 1.9 आलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं. पिशवीच्या तळाशी गुडघ्यासाठीची ॲसिक्लोफेनॅकची पट्टी होती, कित्येक महिने रोज दोन, चिठ्ठीशिवाय कुठून तरी आणलेली. या जातीची पेनकिलर टेल्मिसार्टनसोबत रोज घेतली तर किडनीवर ताण येतो, विशेषतः म्हाताऱ्या माणसात, आणि किडनी मंदावली की शुगरची गोळी अंगात जास्त वेळ रेंगाळते. डॉक्टरांनी ॲसिक्लोफेनॅक आणि ग्लिमेपिराइड दोन्ही बंद केलं, शुगरसाठी वेगळी गोळी दिली.

मला राग येतो तो पट्टी कापायच्या पद्धतीचा. गरिबाला चार गोळ्या हव्या असतील तर चारच द्या, त्यात गैर काही नाही, पण नाव आणि एक्स्पायरी असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर पाकिटावर औषधाचं नाव लिहून द्या, कंपनीचं नव्हे, आतल्या औषधाचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि घरच्यांनी डॉक्टरकडे जाताना सगळी पिशवी न्यावी, शिबिरातलं, शेजारणीने दिलेलं, सगळं.

मावशींना वाचता येत नाही, म्हणून एका पुठ्ठ्यावर सूर्य आणि चंद्र काढून त्याखाली एकेक गोळी चिकटवून दिली. पुढच्या महिन्यात मामा आले, रंग चांगला होता, आणि त्यांनी पहिलं काय मागितलं तर गुडघ्याची ती गोळी. दिली नाही. पॅरासिटामॉल दिलं, आणि दुखणं डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. जरा रुसले, पण पुढच्या एकादशीला गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलंय, हे मात्र जाताना दोनदा सांगून गेले.